हद्दीचा दगड

सज्जनहो, आज निरूपणाला घेतलेला दृष्टांत पुराणातला नाही. जॉर्ज मार्टिन या अमेरिकन लेखकाची कादंबरीमाला १९९६ पासून प्रसिद्ध होऊ लागली. तिच्यातल्या एका कल्पित प्रांताचा हा दृष्टांत आहे. कोणी म्हणेल, "बुवा, खोट्या देशाची गोष्ट आम्हांला कशाला?" अहो, आरशातले तोंड तरी कुठे खरे असते? पण कपाळीचा बुक्का नीट लागला की नाही, ते त्यातच दिसते ना!

त्या प्रांताचे नाव रिव्हरलँड्स, म्हणजे नद्यांचा मुलूख. ट्रायडेंट नदीच्या तीन शाखा तिथे वाहतात. जमीन कसदार, कुरणे हिरवीगार. मग लोक सुखी असतील? तर नाही. ब्लॅकवुड आणि ब्रॅकन ही दोन सरदार घराणी तिथे शेजारी शेजारी नांदतात आणि त्यांचे वैर शेकडो पिढ्यांचे. कारण विचारावे, तर दोघांचे उत्तर एकच : "आम्ही राजे होतो, ते आमचे मांडलिक, त्यांनी बेइमानी केली." ब्लॅकवुडांच्या गढीत एक अजस्र देववृक्ष आहे. ब्रॅकनांनी त्याला विष घातले, असे ते सांगतात. हजार वर्षांत त्याला पान फुटले नाही. सांजवेळी त्यावर कावळे तेवढे जमतात. वैराचेही असेच. सावली नाही, फळ नाही, आणि पडतही नाही.

यातले मर्म पाहा. या घराण्यांत कितीदा तह झाले, सोयरिकी झाल्या. याचे रक्त त्याच्यात, त्याचे याच्यात. म्हणजे ही भाऊबंदकीच की!

याच कथांवरच्या 'हाऊस ऑफ द ड्रॅगन' या दूरदर्शन मालिकेत २०२४ साली हे भांडण दाखवले. दोन्हीकडची तरणी पोरे कुरणाच्या हद्दीवर उभी. हद्दीचा दगड हलवला की नाही, एवढाच वाद. शब्दाने शब्द वाढला, तलवार उपसली. आणि पुढच्याच दृश्यात प्रेतांचा खच पडलेला, मागे दळणाची चक्की जळते आहे!

त्या कादंबऱ्यांत मेरिबाल्ड नावाचा एक अनवाणी धर्मोपदेशक आहे. त्याला वाचता येत नाही, प्रार्थना सगळ्या मुखोद्गत. खेडोपाडी फिरताना तो सांगतो की, रानात लुटारू होऊन हिंडणारा हा माणूस कालपर्यंत साधा कुणबीच होता. धन्याच्या लढाईत भाऊ गेले, मित्र गेले, आणि हा घरची वाट चुकला. मान धन्याचा, राख मात्र कुणब्याच्या घराची!

आता आपल्या शिवारात या. नांगराच्या एका तासाने कोणी बांध कोरला, की कोर्टाची पायरी आलीच. वीतभर जमिनीपायी एकर विकावा लागतो. थोरले दोघे मरून जातात, तरी पोरे तारखांना जातातच. सातबाऱ्यावर लेकराचे नाव लावावे, तसे वैरही त्याच्या नावे चढवून आपण डोळे मिटतो.

वारीच्या वाटेवर "माउली" म्हणून आपण कोणाच्याही पाया पडतो. आधी कोणी वाकायचे, हे तिथे कोणी विचारतो काय? आणि तोच वारकरी गावी आला, बांधावर सख्खा चुलतभाऊ दिसला, की मान फिरवतो! मग वारीहून घरी आणले काय?

अन्याय मुकाट सोसा, असे सांगणे नाही. हक्क जरूर मागा. पण पेरणीआधी दोघांनी मिळून मोजणी आणा, दोघांनी मिळून दगड रोवा. मोजणीत आपल्याकडे हातभर जास्त निघाले, तर पोरांच्या देखत ते सोडून द्या. पोरे दगड कुठे रोवला ते विसरतील, पण बापाने सोडून दिले, हे विसरणार नाहीत.

पलीकडचा येईल म्हणून वाट पाहू नका. यंदा आपणच आधी बांध ओलांडा.

रामकृष्ण हरि.