कुरळ्या केसांचा प्रश्न

चंदीगडच्या हिवाळ्यात सकाळी दहाच्या सुमारास उन्हाला काही अर्थ येतो. त्या वेळी आमच्या सरकारी निवासाच्या गच्चीवर दोन तेले शेजारी शेजारी ठेवलेली असत: आमची खोबरेलाची बाटली आणि शेजारच्या सरदारणीबाईंची सरसोच्या तेलाची वाटी. खोबरेल येथे थंडी पडताच मेणासारखे गोठते. ते उन्हात ठेवून पातळ होण्याची वाट पाहणे हा आमच्या घरी रविवारचा एक विधीच होऊन बसला होता. तेल पातळ झाले की दोन पाटांवर दोन मुले बसत. एक आमचे चिरंजीव, वय वर्षे चार, डोक्यावर दाट कुरळ्या केसांचे जंगल. दुसरा शेजाऱ्यांचा मुलगा, वय वर्षे सहा, पाठीवर कमरेपर्यंत सोडलेले केस. दोघेही रडवेले. गुंता सोडवताना होणाऱ्या वेदनेला प्रांतभेद नसतो.

हा विषय एखाद्या गंभीर नियतकालिकाच्या पानांवर आणावा असा आहे काय, अशी शंका वाचकांना येईल. आम्हांलाही ती आली होती. परंतु बदलीच्या नोकरीत परमुलखी राहिलेल्या माणसाला मोठे प्रश्न बहुधा असल्या क्षुल्लक निमित्तानेच भेटतात. आणि लहान मुलाच्या केसांविषयी जो निर्णय आपण दोन मिनिटांत घेऊन मोकळे होतो, त्यात दुसऱ्या जिवावरील आपला अधिकार कोठवर चालतो, हा प्रश्न दडलेला असतो असे आम्हांला वाटते.

प्रथम केसांविषयीच थोडे सांगितले पाहिजे. केस कुरळा होतो तो त्वचेखालील मुळाच्या वळणामुळे. मूळ वाकडे असले की त्यातून निघणारा केसही वळणे घेत वाढतो, आणि त्याचा छेद वाटोळा नसून चपटसर असतो. टाळूवरील स्निग्धता सरळ केसावरून सहज खाली उतरते. कुरळ्या केसाच्या वळणावळणांतून ती शेंड्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून कुरळे केस मुळाशी तेलकट आणि टोकाशी कोरडे राहतात, लवकर तुटतात, एकमेकांत अडकतात. त्यात येथील हवा! उन्हाळ्यात लू, हिवाळ्यात कोरडा गारवा, आणि वर आमच्या मातोश्रींनी साताऱ्याहून धाडलेली लोकरीची माकडटोपी. ती टोपी एकदा काढली की निम्मा तास फणीचे काम. कुरळे केस कोरडे असताना विंचरू नयेत, ओले किंवा तेल लावलेले असताना रुंद दातांच्या कंगव्याने विंचरावेत, आणि मुळापासून नव्हे तर शेंड्याकडून सुरुवात करून हळूहळू वर जावे, हे आम्ही पुष्कळ अश्रूंची किंमत देऊन शिकलो. खोबरेलाचे समर्थन आमच्या आज्या करीत आल्या. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय संशोधनातही, धुण्याआधी वा नंतर लावलेले खोबरेल केसांतील प्रथिनांची झीज कमी करते, असे दिसून आले. सूर्यफुलाच्या तेलाला वा खनिज तेलाला ते जमले नाही. आजीचा पक्ष प्रयोगशाळेने उचलून धरावा, असे प्रसंग थोडेच येतात.

पण आम्ही ही निगा कशासाठी ठेवीत होतो? येथे प्रामाणिकपणे बोलले पाहिजे. सुखना सरोवराच्या काठी संध्याकाळी फिरावयास गेलो की अनोळखी माणसे थांबून मुलाच्या डोक्यावरून हात फिरवीत आणि कौतुक करीत. कौतुक मुलाचे होई, छाती आमची फुगे. सौभाग्यवती कपाळावरची एक बट बोटाभोवती गुंडाळून मुद्दाम पुढे सोडीत. ती बट हलू नये म्हणून मुलाने हलू नये, असा आमचा आग्रह असे. 'मुलगी आहे का?' असे कोणी विचारले म्हणजे आम्ही हसत असू. मुलगा हसत नसे. हे आमच्या ध्यानात आले नव्हते असे नाही. आम्ही ते ध्यानात घेतले नाही.

या मोहाला इतिहास आहे. फ्रान्सिस हॉजसन बर्नेट या लेखिकेची 'लिटल लॉर्ड फाँटलरॉय' ही कादंबरी १८८६ साली पुस्तकरूपाने आली. तिच्यातील कुरळ्या केसांचा, मखमली पोशाखातला गोजिरवाणा बाळ वाचून अमेरिकेतील आणि इंग्लंडातील असंख्य मातांनी आपापल्या मुलांचे केस लांब राखले. ज्यांचे केस सरळ होते त्यांचे कृत्रिम रीतीने वळवले आणि लेसच्या गळपट्ट्यांत त्यांना कोंबले. एका सबंध पिढीतील मुलांना हा छळ सोसावा लागला. लेखिकेचा धाकटा मुलगा व्हिव्हियन हा त्या नायकाचा मूळ नमुना. मोठेपणीही त्याची ती ओळख सुटली नाही. आईने प्रेमाने केलेली एक केशरचना माणसाला जन्मभर पुरते, ती अशी. आमच्याकडे बाळकृष्णाच्या कुरळ्या कुंतलांची परंपरा आहेच. मात्र तिच्यात एक शहाणपण होते. आमच्या शास्त्राने चूडाकर्म पहिल्या किंवा तिसऱ्या वर्षी सांगून या कौतुकाला मुदत घालून दिली होती. मामाच्या मांडीवर बसवून जावळ काढले की विषय संपला. (जावळ काढल्याने केस दाट येतात ही समजूत मात्र खरी नव्हे. वस्तरा त्वचेवर चालतो, मूळ त्वचेखाली असते. त्याला वरच्या घटनेची वार्ताही नसते.)

आम्ही ती मुदत पाळली नाही. रजा मिळाली नाही हे कारण आम्ही मातोश्रींना कळवले. ते खरे होते, पण पुरते खरे नव्हते. आम्हांला ते केस हवे होते.

शेजारच्या पाटावर काय चालले आहे हे पाहण्याची बुद्धी आम्हांला उशिरा झाली. चंदीगडहून दोन-अडीच तासांच्या वाटेवर आनंदपूर साहेब आहे. तेथे १६९९ साली गुरु गोविंदसिंगांनी खालसा पंथाची स्थापना केली. त्याच गुरूंचा देह पुढे १७०८ साली आमच्या नांदेडास पडला. तेव्हा या गोष्टी मराठी माणसाला सर्वस्वी परक्या नव्हेत. पाच ककार आपण सारे ऐकून असतो. पण केशांच्या जोडीला कंगवाही दिलेला आहे, याचा आम्ही कधी विचार केला नव्हता. नुसते केस राखण्याची आज्ञा असती तर जटाही चालल्या असत्या. येथे केस ठेवावयाचे आणि दिवसातून दोन वेळा विंचरावयाचेही, असे रहितनाम्यांचे सांगणे आहे. आणि विंचरून, जुडा बांधून, वर पटका बांधला की सारे झाकले जाते! ज्या केसांवर सरदारणीबाई रोज अर्धा तास खर्च करीत, ते केस घराबाहेर कोणाच्याही दृष्टीस पडत नसत. 'किती सुंदर!' असे म्हणणारा कोणी नसे. निगा होती, नटवणे नव्हते. आमच्या पाटावर दोन्ही एकत्र कालवले होते, आणि त्यांतले नटवणे काढून घेतले असते तर निगा कितपत उरली असती, याची आम्हांला शंका आहे.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो आम्ही स्वतःच एका संध्याकाळी सरदारजींपाशी काढला. त्यांच्या मुलानेही केस राखावयाचे ठरवले नव्हते, बापाने ठरवले. मग आमच्या हौसेत आणि त्यांच्या निष्ठेत, मुलाच्या बाजूने पाहिले तर, फरक काय? सरदारजी मुरब्बी अधिकारी, लेखा खात्यात हयात गेलेली. ते म्हणाले, "भाईसाहेब, तुम्ही मुलाशी घरी मराठी बोलता. विचारून बोलता का?" आम्ही निरुत्तर झालो. चंदीगडात मराठी बोलण्याला मुलाच्या दृष्टीने काय कारण आहे? शाळेत हिंदी, गल्लीत पंजाबी, परीक्षेत इंग्रजी. तरी आम्ही 'पाणी' आणि 'पानी' यांतला भेद घासून घासून शिकवीतच होतो. जे आपल्याला मिळाले ते पुढे द्यावे, घेणाऱ्याने मोठेपणी ठेवावे किंवा टाकावे. देताना मात्र ते नीट विंचरून द्यावे, असे काहीसे सरदारजींचे म्हणणे होते. आम्हांला ते सर्वांशी पटले असे नाही. भाषा टाकणाऱ्याला कोणी पतित म्हणत नाही. केस कापणाऱ्याला म्हणतात. परंतु आमच्या हातात तर देण्याजोगे तेवढेही नव्हते. आम्ही मुलाच्या डोक्यावर आमची हौस ठेवली होती, आणि ती वारसा म्हणून चालण्यासारखी नव्हती.

पुढे शाळेतून चिठ्ठी आली. मुलांचे केस आखूड असावेत. शीख विद्यार्थ्यांस हा नियम लागू नाही. नियम योग्यच होता. या बाबतीत न्यायालयांनीही पुष्कळ विचार केलेला आहे. बर्मिंगहॅममधील एका शाळेने पगडी उतरवून केस कापल्याशिवाय प्रवेश नाकारलेल्या शीख मुलाच्या बाजूने इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्‌सने १९८३ साली निकाल दिला. आणि येथेच, ल कॉर्बूझिएने उभारलेल्या त्या प्रशस्त उच्च न्यायालयात, २००९ साली पूर्णपीठाने केस न कापणे हे शीख धर्माचे अनिवार्य अंग ठरवले. तो वाद अमृतसरच्या एका वैद्यकीय महाविद्यालयातील प्रवेशाचा होता. यातून एक गोष्ट दिसते. समाजाचे म्हणून जे केस असतात त्यांना कायद्यापुढे उभे राहता येते. एका मुलाला ते हवेत, एवढ्याच कारणाला कोठेही स्थान नाही. आम्ही अधिकारी माणसे. अपवाद कोणत्या कलमाखाली मागावयाचा हे आम्हांला प्रथम सुचते. कलम सापडले नाही, म्हणून आम्ही मुलाला घेऊन सेक्टरच्या बाजारातील केशकर्तनालयात गेलो.

मुलाला विचारले नाही. हेच ते सांगावयाचे होते. ठेवताना विचारले नव्हते, कापतानाही विचारले नाही. आमच्या कार्यालयात एखाद्या कनिष्ठ कारकुनाची बदली करतानासुद्धा त्याचे म्हणणे ऐकून घेण्याचा प्रघात आहे. 'केस काय, पुन्हा वाढतात,' असे आम्ही स्वतःला समजावले. जो निर्णय फिरवता येतो तो विचार न करता घेण्यास हरकत नाही, अशी आम्हां नोकरशहांची एक सोयीची समजूत असते. केस वाढतात हे खरे. पण आपल्या डोक्याविषयी आपल्याला कोणी विचारत नाही, हे जे चार वर्षांच्या मनाला कळले, ते फिरवता येत नाही.

खुर्चीच्या हातांवर आडवी फळी टाकून त्यावर मुलाला बसवले. तो रडला नाही. कारागीर बिहारकडचा, हाताचा हलका. त्याने पहिली बट कापून आमच्या हातात दिली आणि म्हणाला, जपून ठेवा. त्या क्षणी आम्हांला सेना न्हावी आठवले. ज्या सेना महाराजांना वारकरी आपले मानतात, त्यांचेच म्हणून मानले जाणारे एक पद गुरु ग्रंथसाहेबात आहे. तेथेच आमच्या नामदेवांची एकसष्ट पदे आहेत. केसांना वस्तरा लावू नये म्हणणाऱ्या पंथाने एका न्हाव्याची वाणी आपल्या पवित्र ग्रंथात आदराने ठेवली आहे. याचा अर्थ कोणी काहीही लावो. आम्हांला तेव्हा एवढेच वाटले, की केस राखणे वा कापणे यात पाप-पुण्य शोधणारे आम्ही चुकीच्या जागी शोधत होतो.

परत येताना मुलगा बराच वेळ गप्प होता. घर जवळ आल्यावर त्याने विचारले, "बाबा, आता माझा जुडा कशाचा बांधायचा?"

तेव्हा कळले, की त्याला शेजारच्या दादासारखा जुडा हवा होता. कित्येक दिवसांपासून हवा होता. त्याने आईला एकदा तसे सांगितलेही होते, आणि आम्ही सारे मिळून हसलो होतो.

पुढच्या रविवारी सवयीने आम्ही तेलाची बाटली गच्चीवर नेली. मग ती का आणली असे वाटून परत नेणार, तोच आमचे चिरंजीव आपल्या पाटावर न बसता सरदारणीबाईंच्या पुढे जाऊन बसले. त्यांच्या मुलाचा जुडा बांधून होत आला होता. त्यांनी आमच्याकडे पाहिले नाही. "आ पुत्तर," म्हणाल्या, वाटीतले थोडे तेल तळहातावर घेतले, त्या कातरलेल्या, खुंटांच्या डोक्यावर चोळले आणि लाकडी कंगवा कपाळापासून मानेपर्यंत फिरवला. एकदा नव्हे, चांगला दहा-बारा वेळा, आपल्या मुलाच्या केसांवरून फिरवावा तितक्याच सावकाशीने. विंचरण्यासारखे तेथे काही नव्हते. मुलगा डोळे मिटून बसला होता.