इशारा देणे आणि थांबणे : बसमधून उतरणाऱ्या माणसाविषयीचे कर्तव्य

बसच्या पायरीवरून जमिनीवर येणारा माणूस क्षणभर कोणाच्याच जबाबदारीत नसतो, कारण तिकिटापुरता संबंध संपला असे चालक-वाहकाला वाटते आणि रस्त्यावर कोणी पायी चालणारा आहे याची मागून येणाऱ्या वाहनाला अजून जाणीवही झालेली नसते. अशा माणसाविषयी वाहन हाकणाऱ्याचे कर्तव्य त्याला सावध केल्याने पुरे होते, की त्याच्यासाठी थांबावेच लागते, हा प्रश्न वरकरणी वाहतूक पोलिसांचा वाटला तरी मुळात धर्माचा आहे. येथे धर्म म्हणजे उपासनापद्धती नव्हे, तर माणसाने माणसाशी कसे वागावे याचा बांधून देणारा नियम.

छिंदवाड्यातून 2023 मध्ये वेगळ्या झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यात हा प्रश्न रोज उभा राहतो, कारण पांढुर्णा नागपूर-बैतूल महामार्गावर आणि सौंसर नागपूर-छिंदवाडा मार्गावर असल्याने गावोगावच्या माणसांचे चढणे-उतरणे भरधाव रहदारीच्या कडेलाच होते. मध्य प्रदेशाचे राज्य परिवहन महामंडळ बंद करण्याचा निर्णय 2005 मध्ये झाल्यापासून येथील प्रवासाचा भार मुख्यतः खाजगी बसांवर आहे, आणि पुढच्या फाट्यावरचे प्रवासी दुसऱ्या गाडीने उचलू नयेत म्हणून थांबा शक्य तितका आखडता घेतला जातो. जामसावळीच्या निद्रिस्त हनुमानाच्या दर्शनाला मंगळवारी-शनिवारी निघालेली म्हातारी फाट्यावर उतरते तेव्हा इंजिन चालूच असते, वाहक पत्र्यावर थाप मारून घाई करतो, तिचा एक पाय पायरीवर आणि एक खाली असतो, हातातले गाठोडे अजून दारातच अडकलेले असते, आणि त्याच वेळी बस व रस्त्याची कडा यांच्यामधल्या अरुंद पट्टीतून डावीकडून एखादी मोटारसायकल हॉर्न वाजवत घुसते. त्यातून ती वाचली, तरी पलीकडे जाण्यासाठी बसच्या पुढून वळसा घालताना बसच्या आडोशामुळे उजवीकडचे वाहन तिला दिसत नाही आणि ती त्याला दिसत नाही.

या हॉर्नमागे एक जुनी समजूत आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात रथाने होणाऱ्या अपघातांचा विचार आला असून, चाक किंवा आस मोडणे, जोखड तुटणे, दोर तुटणे अशा दहा प्रसंगी दंड नाही असे तेथे सांगितले आहे. त्या दहांतला शेवटचा प्रसंग असा, की हाकणाऱ्याने बाजूला होण्यासाठी ओरडून सांगितले होते. त्याच प्रकरणात सारथी अकुशल असेल तर दंड मालकाला, कुशल असेल तर सारथ्याला, आणि अकुशल सारथ्याच्या रथात बसणाऱ्यांनाही, अशी जबाबदारीची बारीक वाटणी आहे आणि ती आजही विचार करण्याजोगी आहे. मात्र ओरडले म्हणजे सुटलो, ही मुभा मान्य करता येत नाही. ओरडण्याने धोक्याचा भार धोका निर्माण करणाऱ्याकडून तो सोसणाऱ्यावर ढकलला जातो, आणि ऐकू न येणारा, ओझ्याने वाकलेला किंवा पायरीवर अडकलेला माणूस त्या हाकेला प्रतिसाद देऊ शकत नाही. त्याच स्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात वृद्ध, रोगी, भारवाहक आणि स्त्री यांना वाट द्यावी असे आहे, पण त्यांच्याच रांगेत राजा आणि रथातून जाणाराही आहे. म्हणजे दुर्बलाची काळजी आणि प्रतिष्ठिताचा मान ही दोन वेगळी तत्त्वे तेथे एकत्र मिसळली आहेत. महाभारताच्या वनपर्वात अष्टावक्र आणि जनक यांच्या भेटीतही वाट कोणाची हा वाद येतो, आणि तेथेही आंधळा, बहिरा व ओझे वाहणारा यांच्यासोबत राजा आहेच. आजच्या रस्त्याने पहिले तत्त्व ठेवावे आणि दुसरे निःसंकोच सोडावे.

जैन आचारशास्त्र या बाबतीत अधिक नेमके आहे. ईर्यासमिती म्हणजे चालताना पुढच्या जमिनीकडे लक्ष ठेवून, पायाखाली कोणताही जीव येऊ नये अशी दक्षता घेण्याचे व्रत, आणि त्यात सावध राहायचे ते चालणाऱ्याने. किड्याने बाजूला व्हावे अशी अपेक्षा नाही. हे व्रत साधूंसाठी सांगितले आहे हे खरे, परंतु ज्याच्या हाती अनेक टनांचे वाहन आहे त्याला ते अधिक लागू व्हावे, कारण ताशी 36 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात 10 मीटर पुढे गेलेली असते आणि चालकाला भान येईपर्यंत उतरणाऱ्याचे दुसरे पाऊलही जमिनीला लागलेले नसते. अपघातानंतर नशिबात होते असे म्हणून दुःख गिळणाऱ्या घरच्यांना दोष देता येत नाही. पण याज्ञवल्क्यस्मृती कार्याची सिद्धी दैव आणि पुरुषकार, म्हणजे माणसाचा प्रयत्न, या दोहोंवर अवलंबून ठेवते, आणि ब्रेक दाबणे हे निश्चितपणे दुसऱ्यात मोडते.

आधुनिक कायदा याच दिशेने वळला आहे. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 184 मध्ये वाहन धोकादायकपणे चालवले का हे ठरवताना त्या जागेचा वापर आणि तेथे वाजवीपणे अपेक्षित असलेली रहदारीही पाहिली जाते, त्यामुळे फाट्यावर कोणी उतरत असेल हे ठाऊक नव्हते असे म्हणणे टिकणे कठीण आहे. कलम 123 तर पायदानावर उभे करून प्रवासी नेण्यास वाहन चालवणाऱ्याला किंवा ते ज्याच्या ताब्यात आहे त्याला मनाई करते. जर्मनीच्या वाहतूक संहितेतील नियम याहून स्पष्ट आहे : धोक्याचे दिवे लावून थांबलेल्या बसजवळून पायी चालण्याच्या वेगानेच जावे, आणि उतरणाऱ्यांना धोका किंवा अडथळा होत असेल तर थांबावे. असा नियम पांढुर्णा व सौंसरच्या फाट्यांवर आणण्यासाठी नव्या अधिनियमाची वाट पाहण्याचे कारण नाही, कारण ठरावीक रस्त्यावर वेगमर्यादा घालून तशी चिन्हे उभारण्याचा अधिकार कलम 112 ने राज्य शासनाला दिलेलाच आहे. जिल्हा प्रशासनाने जामसावळीच्या फाट्यापासून सुरुवात करून तशी अधिसूचना मागावी, आणि ग्रामपंचायतींनी त्यासाठी ठराव पाठवावेत.