किळस कुणाच्या मनातली?

रस, अलंकार, नायक, दोष हे शब्द अभ्यासाला आले की आपली पोरं दोनांतलं एक करतात. एक तर व्याख्या घोकतात, नाहीतर 'हे पोथीतले शब्द आपल्या कामाचे नाहीत' म्हणून पुस्तक मिटतात. मला दोन्ही पटत नाही. घोकलेला शब्द आपल्या डोक्यावर बसतो. टाकलेला शब्द दुसऱ्याच्या हातात राहतो आणि आपल्या लिखाणावर चालवला जातो.

एकच शब्द घेऊ. बीभत्स. भरताच्या नाट्यशास्त्रात आठ रस आहेत. शांत हा नववा मागाहून आला. प्रत्येक रसाला स्थायीभाव असतो. करुणाचा शोक, रौद्राचा क्रोध, बीभत्साचा जुगुप्सा, म्हणजे किळस. इथवर पाठ असतं. पुढचं कुणी विचारत नाही: ही किळस राहते कुठं? हजार वर्षांपूर्वी काश्मिरात अभिनवगुप्तानं सांगितलं की रस हा रसिकाच्या अनुभवात असतो. भाव त्याच्या मनात संस्काररूपानं आधीचेच असतात, कलाकृती ते जागे करते. म्हणजे किळस वाचणाऱ्याच्या मनातली. हे त्यांचंच शास्त्र सांगतं!

आता मेलेलं ढोर ओढण्याचं वर्णन घ्या. समीक्षक लिहितो, 'बीभत्स'. माझ्या आजीकडून मी हेच ऐकलंय. तिच्या बोलण्यात किळस नव्हती. भूक होती, वाट्याचा हिशेब होता, फुकट राबवून घेणाऱ्या गावाबद्दल संताप होता. ढोर तेच. मग तिच्या कानानं ऐकलं तर रस कोणता? मी म्हणेन, रौद्र.

कुणी म्हणेल, नावात काय आहे? पण नाव दिलं की वाचणाऱ्यानं पुढं काय करायचं तेही ठरतं. 'बीभत्स' म्हटलं की नाकाला पदर लावून पान उलटता येतं. ढोर ओढायला कुणी लावलं, हा प्रश्न तिथंच बुडतो. म्हणून नाव देणं ही नीतीची गोष्ट आहे, नुसत्या चवीची नाही. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडा म्हणून सांगितलं, ते काही नाक मुरडून नव्हे. माणूस म्हणून ताठ उभं राहायचं होतं म्हणून. किळस आणि नकार यांतला फरक हा असा आहे.

'ग्राम्य' शब्दाचंही तेच. मम्मटाच्या काव्यप्रकाशात तो काव्याचा दोष आहे. खेडवळ बोली म्हणजे चूक! १९७२ साली नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा'नं वस्तीची बोली छापून आणली, तेव्हा चूक भाषेची होती की मोजपट्टीची?

पण हा प्रश्न फक्त त्यांनाच विचारून भागायचं नाही. हातानं मैला उचलण्याविरुद्ध १९९३ आणि २०१३ साली कायदे झाले, तरी गटारात उतरलेली माणसं आजही मरतात. त्यांनी लिहिलेलं पान आपल्यासमोर आलं आणि आपल्याच पोटात ढवळलं, तर ती किळस कुणाची? आपली पोरं शिकली, नोकरीला लागली, कॉलनीत राहायला गेली. सहृदय होण्याची परीक्षा आता आपलीही आहे.

तेव्हा व्याख्या पाठ करा, मार्क मिळवा, त्यात लाज नाही. फक्त वहीत प्रत्येक व्याख्येखाली एक ओळ मोकळी सोडा, आणि तिथं लिहा: हा शब्द कुणाच्या जागेवर बसून बोलतोय?