फूल कोणाचं?

आजचा श्लोक: गीता, अध्याय ९, श्लोक २६

पान, फूल, फळ, पाणी, भक्तीने जे द्याल ते मी घेतो, असं भगवंत इथे सांगतात. यादी अगदी सोपी. पण वाहायचं फूल कोणाचं असावं, हा प्रश्न मला ऑगस्टअखेर हेमकुंडला पडला.

घांघरियाहून सहा किलोमीटरची उभी चढण. वर सुमारे ४,३०० मीटरवर तलाव, काठाला गुरुद्वारा आणि लक्ष्मणाचं मंदिर. शेवटच्या टप्प्यात खडकांमधून ब्रह्मकमळं फुललेली असतात. आईने देवघरासाठी एक आणायला सांगितलं होतं. तिला आता एवढं चढणं शक्य नाही, म्हणून मोह जास्तच.

तिथले गावकरीही ही फुलं तोडतात, पण नंदाष्टमीला, नंदादेवीसाठी, नेम पाळून. वाटेवरच्या प्रत्येकाने एकेक नेलं तर बी कशाला धरणार?

आणि डोंगरावरचं फूल देवापुढेच तर उमललेलं आहे. ते खुडून पुन्हा त्यालाच दिलं, तर माझं काय गेलं? श्लोकात ‘पुष्प’ एकदा येतं, ‘भक्ती’ दोनदा. तिथे माझं म्हणावं असं एकच होतं: फूल हातात ठेवताना आईचा चेहरा बघायची हौस. तीच वाहिली.

आई थोडी हिरमुसली, हे खरंय. पण बाल्कनीतल्या जास्वंदीला ती रोज पाणी घालते. देवाला द्यायला तिचं स्वतःचं फूल घरातच आहे.

राम कृष्ण हरी.