ऊस कोणाचा, चिपाड कोणाचे?

टाकाऊ कशास म्हणावे, हा प्रश्न वरवर पाहता केरसुणीचा आहे. परंतु विचार करू लागता तो धर्माधर्माचा होऊन बसतो. कारण एखादी वस्तू टाकाऊ ठरविताना तिजवर कोणाचा तरी असलेला हक्कही आपण नकळत केरात टाकीत असतो.

आमच्या कडोलीच्या, किंबहुना बेळगाव ते निपाणी या साऱ्या पट्ट्यातील वाचकांस उसाच्या उदाहरणाने हे लवकर ध्यानी येईल. गुऱ्हाळाचा व्यवहार पाहावा. चरकातून निघालेले चिपाड उन्हात वाळते, तेच चुलाणात जाते, त्याच्याच आचेवर काहिलीतील रस आटतो, आणि राख शेतास परत मिळते. हल्ली विद्वान मंडळी ‘चक्रीय अर्थव्यवस्था’ म्हणून जिची थोरवी गातात, ती येथे नावावाचून नांदत आली आहे.

साखर कारखान्यात हेच चक्र मोठे झाले. एक टन ऊस गाळला असता सुमारे १०० किलो साखर, २७५ ते ३०० किलो ओले चिपाड, ४० ते ४५ किलो मळी आणि ३० ते ४० किलो प्रेसमड मिळतो. चिपाडावर बॉयलर चालतो व वीज होते; कारखान्याची गरज भागून उरलेली वीज विकता येते. मळीपासून इथेनॉल होते. पेट्रोलात ते मिसळण्याचे प्रमाण देशात २०२२ साली १० टक्क्यांवर व २०२५ साली २० टक्क्यांवर गेले. आसवनीचे जे काळे सांडपाणी एकेकाळी ओढेनाले नासवीत असे, तेही आता आटवून जाळतात आणि त्याच्या राखेतून पोटॅश काढतात.

येथवर सारे स्तुत्यच आहे. आमचा प्रश्न याच्या पुढचा आहे. शेतकरी कारखान्यास ऊस विकतो, की उसातील गोडी तेवढी विकतो? २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने टनास ३,५५० रुपये रास्त व किफायतशीर दर ठरविला, तो १०.२५ टक्के साखर उताऱ्यास. वजनकाट्यावर मात्र अख्खा ऊस चढतो. रंगराजन समितीने २०१२ सालीच साखर, चिपाड, मळी व प्रेसमड यांच्या उत्पन्नातील ७० टक्के वाटा ऊसदरापोटी द्यावा, असे सुचविले होते. नोव्हेंबर २०२५ मध्ये मुडलगी तालुक्यातील गुर्लापूर येथे टनास ३,५०० रुपयांसाठी शेतकरी रस्त्यावर बसले, त्या मागणीच्या मुळाशी हाच हिशेब होता, असे आम्हांस वाटते. आसवनी व जनित्र उभारण्यास कर्ज काढावे लागते, हे कारखान्याचे म्हणणे खोटे नव्हे. भांडवलास त्याचा मोबदला अवश्य मिळावा. परंतु ज्याच्या बांधावरून कच्चा माल आला, त्यास त्या मालाच्या निम्म्याअधिक भागाविषयी विचारूच नये, हा न्याय नव्हे.

आणि तरीही आम्ही शेतकऱ्यास सर्वस्वी निर्दोष म्हणू शकत नाही. या व्यवहारात तिसरा हक्कदार आहे, ती जमीन. आणि तिला रस्त्यावर बसता येत नाही. हेक्टरी ८ ते १० टन पाचट तोडणीनंतर शेतातच पडते. ते कोणी कारखान्यास विकलेले नसते, त्यावर कोणाचे कर्ज नसते. तरी काडी लावून ते पेटविले जाते. पाचटामुळे पाणी अडते, उंदीर होतात, मजूर मिळत नाहीत, ही कारणे आम्ही ऐकली आहेत. त्यांत तथ्य नाही असे नव्हे. पण पाचट सरीत दाबून, त्यावर थोडा युरिया, सुपर फॉस्फेट व कुजविणारे जिवाणू टाकले, तर खोडव्याच्या मुळाशीच त्याचे खत होते, ओल टिकते व तणही कमी उगवते. ज्यांस याचा भरवसा नसेल, त्यांनी यंदा निदान अर्ध्या एकरात पाचट राखावे, उरलेल्या अर्ध्यात नेहमीप्रमाणे करावे, आणि दोन्हीकडे पाण्याच्या पाळ्या किती लागल्या हे एका वहीत मांडून ठेवावे.