स्विचपाशी थोडा वेळ

गाडी अंगणातच उभी राहू द्या, बाहेर मोकळ्या हवेत, गॅरेजच्या बंद दाराकडे पाठ करून. संध्याकाळ उतरू द्या. अवजारांची पेटी लागेल, पण एवढ्यात नाही. ती शेजारच्या सीटवर ठेवा आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर टेकवून नुसते बसा.

गाडी जुनी अमेरिकन, नव्वदीच्या दशकातली. डॅशबोर्डवर हेडलाइटची ओढायची मूठ, स्टिअरिंगवर क्रूझची बटणं. तक्रारी दोन. हमरस्त्यावर क्रूझ लागत नाही. बटण दाबलं तरी गाडीला त्याचा पत्ताच नसतो. आणि रात्री थोडा वेळ गेला की पुढचे दिवे अचानक जातात, काही सेकंदांनी आपोआप परत येतात. माझ्या गाडीला दोन्ही दुखणी एकाच हिवाळ्यात जडली. इंडियानातला आय-70, दोन्ही बाजूंना मक्याची कापून मोकळी झालेली शेतं, मागच्या सीटवर मुलं झोपलेली, आणि समोर एकदम काळोख. दिवे परत आले तेव्हा माझे हात स्टिअरिंगला घट्ट चिकटले होते. या विषयात मला घाई सोसत नाही ती त्या रात्रीपासून.

आता डोळे मिटा.

त्याच रस्त्यापासून थोडं उत्तरेला हेगर्सटाउन नावाचं लहानसं गाव आहे. तिथल्या राल्फ टीटर यांचा जन्म 1890चा. पाच वर्षांचे असताना एका अपघातात त्यांची दृष्टी गेली. तरी ते इंजिनिअर झाले. पहिल्या महायुद्धाच्या काळात विनाशिकांच्या टर्बाइनचे रोटर तोलण्याच्या अवघड कामात त्यांचे हात होते. पुढे कधीतरी ते आपल्या वकिलांच्या गाडीतून जात होते. सांगतात की वकीलसाहेब बोलू लागले की गाडी मंदावायची, ऐकू लागले की वेग घ्यायची. हा हेलकावा चालवणाऱ्याच्या लक्षातही येत नव्हता. शेजारी बसलेल्या आंधळ्या माणसाच्या अंगाला तो कळत होता. त्यातून वेग धरून ठेवणारं यंत्र, म्हणजेच क्रूझ कंट्रोल, जन्मलं. त्याचं पेटंट 1950मध्ये मिळालं, आणि 1958च्या क्रायस्लर इम्पिरियलमध्ये ते पहिल्यांदा बसलं.

तसेच बसा. अंगाने ऐका. उजवा पाय सावकाश ब्रेकवर ठेवा आणि अगदी हळू दाबा. पेडलच्या वरच्या बाजूला एक बारीकसा 'टक्' आवाज येतो का? पुन्हा सोडा, पुन्हा दाबा. तो ब्रेकचा स्विच. आता पाय तसाच ठेवून डोळे उघडा आणि आरशात पाहा. मागे गॅरेजचं दार लाल झालं आहे का?

क्रूझची चौकशी इथूनच सुरू करावी, असं माझं ठाम मत आहे. लोक आधी बटणं उचकटतात, कंप्यूटरला दोष देतात. पण हे यंत्र बनवणाऱ्याला पहिली काळजी असते ती वेग सोडण्याची. धरणं त्याच्यानंतर येतं. काही जुन्या अमेरिकन गाड्यांत क्रूझचं यंत्र ब्रेक लाइटच्या बल्बमधल्या तारेतून अर्थिंग शोधतं. ते बल्ब उडाले, किंवा हौसेने त्या जागी एलईडी बसवले, की ती वाट बंद होते. ब्रेक दाबल्याचं आपल्याला कळेल याची खात्री नाही, म्हणून यंत्र कामाला हातच लावत नाही. ज्याला आपण बिघाड म्हणतो, तो इथे राखणदाराचा नकार असतो. या नकाराशी दोन क्षण थांबा. त्याला चुकवून वायर जोडण्याचा मोह होईल. तो मोह जाऊ द्या.

मग इंजिन चालू करा आणि बॉनेट उघडा. व्हॅक्यूमवर चालणाऱ्या क्रूझमध्ये रबराच्या बारीक नळ्या असतात. तीस वर्षांत रबर चिरतं. फिरत्या पट्ट्यांपासून हात दूर ठेवून कान द्या. साप फुसकारावा तसा आवाज कुठून येतो? हॉर्नही वाजवून पाहा. तोही मुका असेल, तर स्टिअरिंगच्या आतली गुंडाळीची पट्टी तुटली असण्याचा संभव आहे. तिथे एअरबॅग असते, ते काम जाणत्या माणसाकडेच द्या.

आता आत येऊन बसा. हेडलाइटची मूठ ओढा.

दोन दिवे, प्रत्येकी 55 ते 60 वॅटचे. बारा व्होल्टच्या गाडीत हा नऊ-दहा अँपिअरचा करंट झाला. अशा अनेक जुन्या गाड्यांत तो सगळा या मुठीमागच्या नखाएवढ्या कॉन्टॅक्टमधून जातो. कॉन्टॅक्ट काळवंडले की अडथळा वाढतो, अडथळ्याने उष्णता. आत दोन धातूंची एक पट्टी असते. ती तापली की वाकते आणि दिवे जातात. निवली की सरळ होते आणि दिवे परत येतात. तिथे फ्यूज असता तर उडाला असता आणि काळोख तसाच राहिला असता. अंधारात गाडी धावत असेल हे कुणीतरी आधीच मनात आणलं होतं. क्रूझ शंका आली की सोडून देतं. ही पट्टी सोडते, पण परत येण्यासाठी. माझी मुलं तिच्या भरवशावर झोपली होती.

तिला दोष देऊ नका, तिला वगळून वायर तर मुळीच जोडू नका. ती का तापते ते शोधा. नुसता नवा स्विच पुरत नाही. मागचा कनेक्टर तपकिरी पडला असेल, त्यातली पिन ढिली असेल, तर तोही बदलायला हवा. आणि रिले बसवून घ्या. मग मुठीतून जेमतेम इशाऱ्यापुरता करंट जातो आणि दिव्याला पूर्ण व्होल्टेज मिळतं. व्होल्टेज दहा टक्के घटलं की हॅलोजनचा उजेड सुमारे तीस टक्के घटतो. आपले डोळे थकले असं वाटून मी चष्म्याचा नंबर तपासून आलो होतो.

दिवे चालू राहू द्या. समोरच्या रस्त्यावर उजेड पडलाय, तिकडे पाहत श्वास येऊ द्या, जाऊ द्या. पंधरा मिनिटं.

आता बोटांची मागची बाजू मुठीला लावा. कोमट असेल तर आज एवढंच पुरे. चटका बसत असेल तर दिवे बंद करा, इंजिन बंद करा, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा, आणि पेटी उघडा.