न ऐकू येणारा निवाडा

खेळाचे नियम सर्वांस सारखे असावेत, हे तत्त्व कोणासही सहज पटते. परंतु नियम सारखा असणे आणि तो सर्वांपर्यंत सारखाच पोहोचणे, या दोन गोष्टी एकच आहेत काय?

ऑगस्ट २०१९ मध्ये अमेरिकेतील विन्स्टन-सेलम येथे ली डक-ही या जन्मतः बधिर असलेल्या कोरियन तरुणाने स्वित्झर्लंडच्या हेन्री लाक्सोनेनचा ७-६, ६-१ असा पराभव केला. एटीपी स्पर्धेच्या मुख्य भागात सामना जिंकणारा तो पहिलाच बधिर टेनिसपटू होय. चेंडू तारांवर आदळताना होणाऱ्या आवाजावरून त्याचा वेग व फिरकी खेळाडूस चटकन उमगते. कान झाकून खेळणे फार अवघड जाईल, असे अँडी मरेसारख्या कसलेल्या खेळाडूनेही त्या सुमारास बोलून दाखविले. लीला हे सर्व केवळ डोळ्यांवर भागवावे लागले. तशातच पंचाचा पुकाराही त्याच्या कानी पडत नसे. हाताच्या खुणेवरूनच तो निवाडा ओळखी.

येथे दोन उणिवा एकत्र आल्या आहेत, आणि त्या निराळ्या केल्यावाचून न्यायाचा विचार होणार नाही. चेंडूचा आवाज हा झुंजीचा भाग आहे. कोणाची दृष्टी तीक्ष्ण, कोणाचा हात लांब. निसर्गाने केलेली ही विषम वाटणी भरून काढण्याचे दायित्व पंचावर नाही, आणि लीने तशी सवलत घेऊन विजय मिळविला नाही. पंचाचा निवाडा मात्र झुंजीचा भाग नव्हे. तो झुंजीवरील न्याय आहे. तो एकास कळावा आणि दुसऱ्यास कळू नये, यास विषमता नव्हे, अन्यायच म्हटले पाहिजे.

कोणी म्हणेल, बधिरांसाठी स्वतंत्र स्पर्धा आहेतच. आहेत खऱ्या. पॅरिस येथे १९२४ साली बधिरांचे जागतिक क्रीडासामने सुरू झाले, तेव्हापासून त्यांत टेनिस आहे. तेथे श्रवणयंत्र काढून ठेवूनच मैदानात उतरावे लागते, म्हणजे ऐकू येण्याचा लाभ कोणासच उरत नाही. ब्राझीलमध्ये २०२२ साली भरलेल्या या सामन्यांत आपल्या पृथ्वी शेखर व धनंजय दुबे यांनी पुरुष दुहेरीचे रौप्यपदक मिळविले. हे यश कोणत्याही अर्थी दुय्यम नाही. परंतु स्वतंत्र घर असणे निराळे आणि सार्वजनिक घराचे दार बंद करण्यासाठी त्याकडे बोट दाखविणे निराळे.

हा प्रश्न आज अधिकच निकडीचा झाला आहे. रेषेवरील पंच पुकारा करी आणि हातही पसरी. तो हात बधिर खेळाडूचा आधार होता. एटीपीच्या स्पर्धांत आणि विम्बल्डन येथे २०२५ पासून त्या पंचांची जागा यंत्राने घेतली. यंत्र पुकारा करते, पण त्यास हात नाही. यात कोणाचा दुष्टावा नव्हता. केवळ विसर पडला. जगातील पुष्कळसा अन्याय असाच, कोणी न योजता घडतो. जेथे यंत्राचा आवाज असेल तेथे डोळ्यांना दिसणारी खूणही असावी, एवढेच त्यावर करावयाचे आहे.

अशा वेळी आपण दयेची भाषा बोलू लागतो. परंतु दया ही देणाऱ्याच्या मर्जीवर असते, आणि आज दिलेले उद्या काढून घेता येते. लीस गुण नको होता, त्यास निवाडा हवा होता. आणि निवाडा कळणे हा प्रत्येक खेळाडूचा हक्क आहे. तो हक्क पुरा केल्यावर त्यास खुशाल हरवावे. तो हरला, तरी तो न्यायाने हरेल.